ज्याचं रक्त थांबलं

हुपरी
३ फेब्रुवारी २०२५

जोतीदादा,

ज्याचं रक्त थांबलं तो यशराज मेला, आणि ज्याचं रक्त गटारीतून पार रस्त्यावर वाहत गेलं तो विश्वजित जगला, हे कसं काय? तुझ्या चिठ्ठीतला हा प्रश्न घेऊन मी बसमध्ये, प्रयोगशाळेत, ताटावर, सगळीकडे बसते आहे. मला उत्तर देता येत नाही. ‘तू शिकल्यालीस, तूच सांग,’ असं तू लिहिलंस. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून सगळी उत्तरं माझ्या दप्तरात असतात असं नाही.

वकील म्हणाले, कळंब्याच्या जेलमध्ये पत्र आधी तिथले साहेब वाचतात. साहेब, नमस्कार. यात लपवण्यासारखं काही नाही. वाचून झालं की घडी नीट घाला, माझा भाऊ चिडका आहे.

घरी ठीक आहे. आबांनी भट्टी पुन्हा पेटवली. पैंजणाची तार ओढायला तुझ्या जागेवर आई बसते. तिची तार तुझ्यापेक्षा सारखी येते असं आबा म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर उठून परसात गेले.

माझा ओठ भरला. दोन टाके पडले होते. तुला मला मारायचं नव्हतं हे मला माहीत आहे, कोयत्याची मूठ लागली. विश्वजितला लोकांनी दवाखान्यात पोचवलं. कुणी ते मला सांगता येणार नाही.

तुमच्या तालमीचे अमरसिंह आप्पा येऊन गेले. आपल्या पुढच्या सोप्यात, आबांच्या पाटावर बसले. म्हणाले, “जोत्यानं तालमीचं नाव राखलं. वकील आमी बघतो. पोरीनं फकस्त एवढंच म्हणायचं, मी तितं न्हवते.” आबांनी मान हलवली. मी चहा ठेवला आणि आत गेले.

तू लिहिलं आहेस, ‘यशाला मी माझ्या हातानं गोळ्या देत होतो. सकाळ, दुपार, सांज, दोन-दोन. पाय हलू दिला न्हाय. लघवीलासुद्धा बाटली लावली. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलं. तरी मेला. मग विश्याच्या कोयत्यानंच मेला की.’

त्या गोळ्या कुठल्या होत्या, दादा? नाव आठवतं का? रंग तरी कळव.

संयू


हुपरी
१४ फेब्रुवारी

जोतीदादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. गोळ्यांचं नाव तू चुकीचं लिहिलं आहेस, पण मला कळलं. आप्पांनी आणल्या होत्या, आणि नुसत्या यशराजसाठी नाही, मारामारीला जाताना तुम्ही सगळेच खात होता, हेही कळलं. कपाळाला भंडारा लावायचा, दुधातून दोन गोळ्या घ्यायच्या, मग ‘घाव लागला तरी रगात जात न्हाय’.

त्या गोळ्या कशाच्या आहेत सांगू? पाळीत अंगावरून जास्त जातं तेव्हा डॉक्टर बायकांना त्या देतात. मागच्या वर्षी आईला दिल्या होत्या, फ्रिजवरच्या डब्यात आहेत अजून. तालमीच्या भिंतीवर वाघ काढलाय आणि तुमचे वाघ पाळीच्या गोळ्या खाऊन बाहेर पडतात! एरवी हे मी गल्लीतल्या बायकांना सांगितलं असतं आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

रक्तात प्लेटलेट असतात. डेंगीत कमी झाल्या म्हणून घरोघरी पपईचा पाला शोधतात त्याच. जखम झाली की त्या धावत येऊन भिंतीला चिकटतात, एकमेकींना धरतात, आणि गाठ तयार होते. तुमच्या गोळीतलं एक औषध त्यांचं हे चिकटणं वाढवतं आणि दुसरं झालेली गाठ विरघळू देत नाही. बाईला डॉक्टर त्या मोजून देतात. मी प्रयोगशाळेत करते ती पावडर वेगळी. ती पोटात घ्यायची नाही, कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली ती भुकटी जखमेत भरून दाबायची. प्लेटलेट तिला येऊन चिकटतात.

ती तू माझ्या कपाटातून न विचारता घेतलीस. आबांच्या बोटाचं रक्त मी तिनं थांबवलं तेव्हा तू दारात उभा होतास. तेव्हाच तुझ्या डोक्यात आलं असणार. ऊसतोड करणाऱ्या बायकांसाठी, इचलकरंजीत मागावर बोटं जाणाऱ्यांसाठी मी ते करत होते. वाडीवरून दवाखान्यापर्यंत माणूस जिवंत पोचावा, एवढंच तिचं काम.

डिसेंबरातली ती दुपार तुझ्या चिठ्ठीत दोन ओळींत आहे. माझ्याकडं ती अशी आहे. आप्पांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स विश्वजितच्या पोरांनी फाडला, त्याच्यावरून तुम्ही चौकात भिडलात आणि विश्वजितचा कोयता यशराजच्या मांडीवर बसला. मग तू आणि तालमीतल्या एका पोरानं यशराजला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं. त्याची मांडी गुडघ्याच्या वरपासून उघडी पडली होती, आतलं मांस कापलेल्या कलिंगडासारखं ओलं चमकत होतं. बूट रक्तानं भरला होता आणि पाऊल टाकलं की पचपच वाजत होता. आईनं आधी धुतलेल्या पैंजणांवर चादर टाकली. मला तिचा राग आला. आणि यशराज पांढराफटक पडलेला, तरी म्हणतो, “काकू, राहू दे की. पैंजणाला जरा रंग येतोय.”

तू कपाटातून काढून आणलेली पावडर मी भरली. तू त्याचे खांदे धरलेस. मी मांडीवर गुडघा देऊन अंगाचा सगळा भार टाकला, आणि तो असा ओरडला की समोरच्या घरातली शालूमावशी हातातलं पीठ घेऊन पळत आली. स्वतःच्या पोराचे पाय धरायचं काम तिनं केलं. रक्त थांबलं. तू “थांबलं!” म्हणून मैदान मारल्यासारखा शड्डू ठोकलास.

मी म्हणाले, “थांबलं म्हणजे संपलं नाही. आता लगेच दवाखाना.”

“दवाखाना म्हंजे पोलीस केस.”

“मग होऊ दे केस.”

“आप्पाला इचारतो.”

संध्याकाळी तू फोन केलास. ‘मिरजेला ॲडमिट केलंय, टाकं घातल्यात, मटण मागतोय. एवढ्यात कुणी भेटाया येऊ नगासा.’ मी आणि शालूमावशी, दोघींनी ते खरं मानलं. तो आप्पांच्या उसातल्या खोपटात पडून होता हे आम्हाला त्याचं मढं आलं तेव्हा कळलं.

रक्षाविसर्जनाला घाटावर अख्खी गल्ली होती. नैवेद्य ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार बसलेले, एकही खाली येईना. मावशी म्हणाली, “यशा, तुझ्या भणीचं समदं मी बघते.” नाही. त्याचे मामा म्हणाले, “तुझी गाडी कुणाला इकत न्हाय.” नाही. मग आप्पांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. “जोत्या, त्याचं मन कशात आडकलंय तुला ठावं हाय. बोल की, मर्दा.”

तू पुढं झालास आणि ओरडलास, “यशा, विश्याला जित्ता सोडत न्हाय!”

आणि कावळा उतरला. बायका रडायला लागल्या. पण दादा, मी बाजूला उभी होते. तू पुढं आलास तशी सगळी माणसं मागं सरली. नैवेद्याभोवती जागा झाली म्हणून कावळा उतरला. हे मला दिसलं, मी ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू गाडीला किक मारली होतीस.

मी स्कूटरवरून तुझ्या मागं आले ते तेवढंच सांगायला.

संयू


हुपरी
२ मार्च

जोतीदादा,

या खेपेला तू मला शिव्या लिहिल्या आहेस. ‘विश्या कसा वाचला ते सांगत न्हाईस म्हंजे तुला ठावं हाय.’

मला ठाऊक आहे. पहिल्या पत्रात ‘लोकांनी पोचवलं’ म्हणून मी ते झाकलं होतं.

विश्वजित त्याच्या सर्व्हिसिंग सेंटरमध्ये कुणाची तरी जीप धूत होता. तू पोत्यातून कोयता काढलास. त्याच्या हातात पाण्याचा पाइप होता, तो त्यानं आडवा धरला, आणि तुझा पहिला घाव मनगटावर बसला. पंजा कातड्यावर लोंबकळला. दुसरा खांद्यावर. तो आवाज मी रोज ऐकते, ओलं लाकूड फोडल्यासारखा. तिसरा डोक्याकडं येत होता तेव्हा मी तुझ्या हाताला लटकले. माझा ओठ फुटला तो तेव्हा. तू मला झटकलंस, त्याच्या कुशीत लाथ घातलीस आणि “यशा!” म्हणून ओरडत गेलास. गिऱ्हाइकं कधीच पळाली होती. समोरच्या टपरीवाल्यानं शटर ओढून घेतलं.

पाइप जमिनीवर सापासारखा वळवळत होता आणि पाणी चालूच होतं. सगळ्या फरशीवर तांबडं पाणी. वाहत्या पाण्यात रक्ताला गोठता येत नाही. मी आधी नळ बंद केला. मग पिशवीतली पावडर काढली. नमुन्यांच्या पुड्या होत्या, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मॅडमना द्यायच्या. मनगटात भरली, खांद्यात भरली, माझी ओढणी मनगटाच्या वर पिळून बांधली आणि त्याच्या खांद्यावर बसले. खरंच बसले, दादा. लहानपणी आपण पोत्यावर बसायचो तशी.

तो डोळे उघडून बघत होता. म्हणाला, “तू जोत्याची भन न्हवं?”

“गप. बोललास की सुटतं.”

“मग का वाचवतीयास?”

“गप म्हटलं ना.”

थोड्या वेळानं म्हणाला, “माशाचा वास येतोय.”

“कोळंबी आहे. टरफलांची पावडर.”

“अगं, आज गुरवार हाय की माझा!”

मला हसू आलं. माझ्या फाटलेल्या ओठातलं रक्त त्याच्या गालावर पडत होतं आणि मी हसत होते. तोही हसायला गेला आणि बेशुद्ध पडला. मग एक टेम्पोवाला थांबला.

तुला खुनाच्या कलमातून सोडवायला मी हे केलं, असं मी नंतर आबांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगत होते. पण नळ बंद करताना तू माझ्या डोक्यात नव्हतास. तिथं एक माणूस रिकामा होत होता, बस.

ती पावडर माणसावर वापरायची परवानगी अजून नाही. प्रयोग झालेत ते फक्त उंदरांवर. आबांच्या बोटाच्या वेळी, यशराजच्या वेळी मी ते विसरले, विश्वजितच्या वेळी आठवत असून वापरली. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. बरोबरच आहे त्यांचं. जेवणाचा डबा तिथंच राहिला, तो आणायला जायचं धाडस झालं नाही.

विश्वजितचा पंजा गेला. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी त्याला घरी सोडणार आहेत. आप्पांची पोरं रोज शालूमावशीकडं जेवायला येतात. ती त्यांना गरम भाकरी वाढते आणि म्हणते, “जोत्याचं अर्धंच राह्यलंय.” परवा मी दारातून जाताना एकजण म्हणाला, “मावशी, रंगपंचमीला समदीच लाल असत्यात. कुणाला काय कळतंय.” आणि तिनं त्याच्या पानात आणखी कोरड्यास वाढलं.

मी हे पोलिसांना सांगितलं तर दोन पोरं आत जातील, दुसरी दोन येतील. मावशी जोवर वाढते आहे तोवर ती येत राहतील. तिला थांबवायला एकच गोष्ट पुरेल, आणि ती काय आहे हे तुझ्या पहिल्या चिठ्ठीपासून मला माहीत आहे. तुझा प्रश्न वाचला त्याच क्षणी. तुला कसं लिहू हे कळत नव्हतं.

शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांना भेटून मग लिहिते. माझी चूक असावी अशी अजून आशा आहे.

संयू


हुपरी
१८ मार्च

जोतीदादा,

माझी चूक नव्हती.

डॉक्टर म्हणाले, यशराजच्या मांडीची जखम कोरडी होती. चिघळली होती, पण तिनं तो मेला नसता. त्याच्या फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीत करंगळीएवढी गाठ अडकली होती. ती पायात तयार झाली. कापलेला पाय, न हलवता पडून राहिलेला, आणि वर रक्त घट्ट करणाऱ्या दुप्पट गोळ्या. तूच लिहिलं होतंस, त्या सकाळी तो म्हणाला, ‘आईला भेटून येतो,’ आणि भिंतीला धरून उठला, आणि पडला. उठला तेव्हा ती गाठ सुटली आणि वर फुप्फुसात गेली.

विश्वजितनं त्याला जखमी केलं. मारलं नाही. त्याला गोळ्यांनी आणि त्या खोपटानं मारलं. गोळ्या आप्पांनी आणल्या, खोपट आप्पांचं, आणि हात तुझा. तू मायेनं केलंस हे मी शपथेवर सांगेन. सांगितलंही आहे.

रविवारी मी शालूमावशीकडं गेले. ती चुलीपुढं होती, दोन पोरं पानावर बसली होती. मी त्यांच्या समोरच सांगितलं, कारण त्यांनीही ऐकायला हवं होतं. गोळ्या, गाठ, पाय, फुप्फुस, सगळं सोपं करून. ती भाकरी थापत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही. मग तिनं तव्यावरचं तापलेलं उलथनं उचलून माझ्यावर फेकलं. ते भुवईच्या वर लागलं. चरचरलं आणि फुटलं.

“भावाला सोडवाया माझ्या पोराचं मरान फिरवतीयास व्हय गं, सटवे?”

मला एका डोळ्यानं दिसेना. म्हणाले, “मावशी, यानं दादा सुटत नाही. आणखी अडकतो.”

ती थांबली. ते वाक्य तिला पोचलं. हातातला पिठाचा गोळा तसाच धरून तिनं विचारलं, “गोळ्या जोत्यानं दिल्या?”

“होय.”

“मायेनं?”

“मायेनं.”

“आन् त्या आप्पाला ठावं व्हतं, दवाखाना पायजे म्हणून?”

“मी दादाला सांगितलं होतं. दादानं आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, तालमीचं नाव कागदावर नको.”

मावशीनं मग मला जे विचारलं ते मी जन्मभर विसरणार नाही. “दम लागला आसंल न्हवं त्याला? पान्यात बुडल्यावानी?”

मी खोटं सांगू शकले असते. म्हणाले, “लागला असेल. पण फार वेळ नाही.”

ती पोरांकडं वळली. “उठा.”

“मावशी, जेवण...”

“पानावरनं उठा! माझ्या यशाच्या नावानं कुणाच्या अंगाला हात लावला तर तुमच्या दारात येऊन जाळून घेईन. जावा, सांगा तुमच्या आप्पाला.”

त्या बाईनं आजवर दारच्या भिकाऱ्यालाही अर्ध्या घासावर उठवलेलं नाही, तुला माहीत आहे. ती दोघं उष्ट्या हातानं गेली. मग ती माझ्यापुढं बसली, डब्यातली मूठभर हळद काढून माझ्या कपाळावर पिठाच्या हातानं दाबून धरली, आणि खेकसली, “एवढी शिकलीस, आन् डोळ्यात रगात जातंय ते कळत न्हाय व्हय?” तापलेल्या उलथन्यानं तिचाही हात पोळला होता, तरी तिनं तो काढला नाही. रक्त थांबेपर्यंत आम्ही तशाच बसलो. भाकरी तव्यावर करपली.

काल रात्री आप्पांच्या माणसांनी आपल्या भट्टीची कौलं फोडली. आई म्हणाली, “फुटू देत.” दीड महिना आबा मला एकच वाक्य सांगत होते, ‘तू तिथं नव्हतीस एवढंच म्हण.’ आज सकाळी त्यांनी ते म्हटलं नाही. स्कूटर पुसून दारात लावली.

मी आणि मावशी आधी घाटावर गेलो. तिनं भाताचा नैवेद्य ठेवला. कुणी नव्हतं, दोघीच. ती मोठ्यानं म्हणाली, “यशा, जोत्यानं दिल्याला शबुद मी माघारी घेते. तुझी आई घेते. आता शिव, न्हाय तर नगं शिवू.” मग मी तिच्या मागोमाग तेच म्हणाले, तुझ्या वतीनं. तू मला तो हक्क दिला नव्हतास.

कावळा शिवला की नाही ते मी पाहिलं नाही. मावशी तिथं थांबली. मला कोर्टात पोचायचं होतं.

न्यायाधीशांसमोर मी जबाब दिला. मी तिथं होते. कोयता तुझ्या हातात होता. पावडर माझी होती, परवानगी नव्हती. गोळ्या कुणी आणल्या, खोपट कुणाचं, दवाखाना कुणी नको म्हटला, आणि उद्या विश्वजितच्या दारात काय व्हायचं ठरलं होतं, ते सगळं. गोळ्या तू मायेनं दिल्यास हे वाक्य लिहून घेताना त्यांनी पेन थांबवलं, तेव्हा मी म्हणाले, लिहा, ते खरं आहे.

साहेब, या पत्रातलं सगळं आता जबाबातही आहे. आपल्याला काही काळं करावं लागणार नाही.

दादा, त्यांनी जबाब मला वाचून दाखवला. तुझं नाव तीन ठिकाणी होतं. मी सही केली.

संयू